नखुल्यांची गल्ली

आयर्लंडातल्या पोर्टलीश गावच्या मराठी मंडळींत कुणाचे आईवडील यायचे झाले, की पहिला फोन मला येतो. आमंत्रणाचं पत्र कसं लिहायचं, बँकेचं स्टेटमेंट किती जुनं चालतं, फोटोत कान दिसायला हवेत की नकोत, सगळं मला तोंडपाठ. माणसं कागद घेऊन येतात, सोबत डब्यात काहीतरी खायला आणतात. मी चष्मा लावून कागदांवरून नजर फिरवतो आणि मधूनच "हंऽऽ" असा आवाज काढतो. तो आवाज मी बराच घोटवलेला आहे. तर अशा या व्हिसातज्ज्ञानं स्वतःच्या आईला इटलीला न्यायचं ठरवलं.

इटली हे खूळ मूळ आईचं. ती मिरजेची. एके काळी आसपासच्या लग्नघरांतून तिला वळवटासाठी हमखास बोलावणं यायचं. रव्याचं पीठ भिजवून, चिमटीनं वळलेले गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखानं दाबलेल्या नखुल्या, फणीवर उमटवलेल्या फणोल्या. ती ताटं रुखवतात मांडायची, मग कधीतरी त्यांची खीर. आईच्या गव्हल्यांच्या ताटावर बायका वाकून बघायच्या आणि गप्प व्हायच्या. बायका गप्प होणं हीच तिथली शाबासकी. पुढे रुखवत तयार मिळायला लागलं आणि बोलावणी बंद झाली. पण आई सवयीनं दर उन्हाळ्यात मूठभर गव्हले वळायची, बरणीत भरायची, आणि ते कुणी बघायचं नाही.

मग एक दिवस तिनं फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. इटलीच्या नकाशातला बूट असतो ना, त्याच्या टाचेला पुल्या नावाचा प्रांत आहे. तिथल्या बारी शहरातल्या जुन्या गल्लीत बायका दारात टेबलं मांडून बसल्या होत्या. पिठाच्या वळकटीचा तुकडा कापायचा, सुरीनं ओढायचा, अंगठ्यावर उलटायचा, की पास्त्याचा छोटा कान तयार. व्हिडिओखाली आईनं लिहिलं होतं, "ह्या बायका नखुल्या करतात!!" आईनं उद्गारचिन्ह वापरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"मला ते मनोरे, चर्चं काही दाखवू नको," ती फोनवर म्हणाली. "ह्या बायकांशेजारी तासभर बसव. मी गव्हले करून दाखवते. त्यांना काही येत नसणार गव्हले."

"आणि येत असले तर?"

"मग बघू की, कुणाचे बारीक होतात ते."

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली. तिचा आयर्लंडचा व्हिसा अर्थातच मी भरला होता, आणि काय भरला होता! मग बारीची विमानाची तिकिटं काढली, गल्लीपासून चालत जाता येईल असं हॉटेल शोधलं. आईनं मिरजेहून आणलेला बारीक रवा डब्यात भरून बॅगेत ठेवला. साडीखाली नवे स्पोर्ट्‌स शूज घालून ती डब्लिन विमानतळावर माझ्यापुढे चालत होती.

काउंटरवरच्या बाईनं आईचा पासपोर्ट उलटसुलट चाळला. "पेट," ती इथल्या पद्धतीनं लाडानं म्हणाली, "हा झाला आपला व्हिसा. त्यांचा कुठाय?"

इथे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. आयर्लंड युरोपात असलं, तरी इटली ज्या शेंगेन कुंपणाच्या आत आहे त्याच्या बाहेर आहे. इथला व्हिसा तिथे चालत नाही. हे मी आजवर इतक्या जणांना, इतक्या वरच्या पट्टीत सांगितलंय, की आमच्यातल्या लहान मुलांनासुद्धा ते पाठ असेल. पण मधल्या काळात मला स्वतःला आयरिश पासपोर्ट मिळाला होता. बायकोला मिळाला, मुलगी तर इथलीच. आम्ही उठायचो, बॅग भरायचो, जायचो. मला व्हिसा लागेनासा झाला, तसा तो जगात कुणालाच लागत नसावा अशी माझी समजूत झाली असावी. स्वतःच्या आईलासुद्धा.

मी "हंऽऽ" असा आवाज काढून बघितला. तिथे त्याचा उपयोग झाला नाही.

"अख्ख्या गावाचे फॉर्म भरतोस तू," बायको म्हणाली. "अख्ख्या गावाचे!"

"ओरडू नको गं त्याला, लोक बघतायत," आई म्हणाली आणि पासपोर्ट पर्समध्ये घालून पर्सची चेन नीट शेवटपर्यंत ओढली. "तुम्ही बापलेक जावा. पोरगी आतनं पोहायचा ड्रेस घालून आलीय."

"आई, असं कसं? सगळेच परत जाऊ."

"कशाला? माझ्यापायी सगळ्यांनी तोंडं पाडून बसायचं होय?"

मी नाही म्हणालो. पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत बायकोनं आईला घरी न्यायला गाडीची किल्ली मागितली आणि मी ती दिली. आई जाता जाता वळली. "त्या बायकांचं पीठ कसलं असतं, तेवढं विचारून ये."

आता सगळ्यात वाईट भाग सांगतो. मला मजा आली. पहिल्या दिवशी मी रीतसर खिन्न होतो, पण दुसऱ्या दिवशी चुनखडीच्या दगडाची टोकेरी टोप्या घातलेली गोल घरं बघितली आणि खिन्नतेला सुट्टी दिली. कडबोळ्यांची सख्खी चुलत भावंडं शोभतील अशी ताराल्ली नावाची खुसखुशीत वेटोळी मी पिशव्यापिशव्यांनी खाल्ली. सुक्या बाकल्याच्या, म्हणजे वालासारख्या दाण्यांच्या, डाळीचं घट्ट घोटलेलं वरण आणि त्यावर कडसर पालेभाजी, वरून ऑलिव्हचं तेल. पहिल्या घासाला मी म्हणालो, "हे आईला..." आणि दुसऱ्या घासाला काहीच म्हणालो नाही. प्रत्येक ताटाचा फोटो मी ग्रुपवर टाकत होतो, खाली माहितीपर दोन ओळी. प्रत्येक फोटोला आईचा एक अंगठा येत होता.

गल्लीत जायचं मी टाळत होतो. मुलीनंच शेवटी विचारलं, "डॅड, आर वी नॉट गोइंग टू आजीज लेन?" तेव्हा शेवटच्या दिवशी सकाळी गेलो. दुपारी पोलिन्यानोला जायचं होतं, तिथे समुद्रावर झुकलेल्या कड्यावर घरं आहेत आणि खाली पोहायला छोटा किनारा.

गल्ली व्हिडिओतल्यासारखीच होती. जाळीच्या चौकटींवर कान वाळत घातलेले, वर तारांवर कुणाच्या चादरी. एका दारात आईच्याच वयाची, जाडजूड, ॲप्रन लावलेली बाई बसली होती. मी खुणेनं परवानगी मागितली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"काय करतेयस?"

"काही नाही. बसलेय."

बसली होती ती आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. समोर परात होती, परातीत ओल्या फडक्याखाली भिजवलेलं पीठ होतं. म्हणजे ही सकाळपासून तयारीत होती.

मी फोन त्या बाईसमोर धरला. आईनं नमस्कार केला, चिमूटभर पीठ उचललं आणि गव्हले पाडायला लागली. अंगठा सरकायचा आणि बोटाखालून दाणा पडायचा, पुन्हा दाणा, पुन्हा दाणा. बाईनं सुरी खाली ठेवली. माझ्या हातातून फोन काढून घेतला, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, आणि शेजारच्या दाराकडे बघून काहीतरी ओरडली. आणखी दोघी आल्या. तिन्ही डोकी फोनवर वाकली आणि गप्प झाली.

मिरजेत व्हायची तशी.

मग त्या पहिल्या बाईनं स्वतःचं पीठ चिमटीत घेऊन करून बघितलं. झाला तो गव्हला शेंगदाण्याएवढा. बाकीच्या दोघी तिला हसल्या.

"जाड झाला," आई फोनमधून म्हणाली. "तिला सांग, अंगठा गोल नाही फिरवायचा, नुसता पुढे सरकवायचा. आणि दुधात भिजवतात का विचार, का नुसत्या पाण्यात?"

मला इटालियनमध्ये पिझ्झाच्या पलीकडे काही येत नाही. मुलीनं हातवारे करून सांगितलं. बाईनं पुन्हा केला. जरा बारीक झाला.

"हां! आता कसं!" आई इतकी पुढे वाकली की पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसायला लागलं.

बाईनं पायानं एक खुर्ची ओढून स्वतःच्या शेजारी आणली, तिच्यावर दोनदा थापटलं आणि फोनकडे बोट दाखवलं.

"मला बस म्हणतेय का रे ती?" आईनं विचारलं.

"हो."

आणि त्या क्षणी मी घड्याळ बघितलं. पोलिन्यानोची गाडी होती. तिकिटं काढलेली होती, मुलीला पोहायचं होतं, आणि मी नियोजनाचा पक्का माणूस.

"आई, आमची गाडी आहे गं. संध्याकाळी येतो परत, मग निवांत करू."

"बरं," आई म्हणाली.

मी बाईच्या हातातून फोन परत घेतला. पडद्यावर तिच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा उमटला होता. स्टेशनवर पोचलो तर गाडीला उशीर. किती उशीर, ते फलकावर लिहीत होते आणि सारखं बदलत होते. आम्ही फलाटावर बसून ताराल्ली खात होतो. शेवटी न राहवून मी परत फोन लावला. "आई, गाडी लेट आहे. धावत जातो परत गल्लीत?"

"नको रे. हात धुतले मी आता. जावा तुम्ही."

कड्याखालचं पाणी हिरवंनिळं होतं आणि मुलगी त्यातून बाहेर यायला तयार नव्हती. परत आलो तोवर गल्लीतली टेबलं आत गेली होती, खुर्च्याही. एका बंद खिडकीमागे टीव्ही चालू होता. सकाळी लवकरचं विमान होतं.

घरी पोचलो तेव्हा आईचे गव्हले टी-टॉवेलवर वाळत घातलेले होते. तिनं त्यांची खीर केली. "ग्रँड झालीय, आई," बायको म्हणाली. "पीठ कसलं होतं?" आईनं मला विचारलं. मी विचारलंच नव्हतं.

आई परत गेल्यावर मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. इटलीचा व्हिसा मिरजेहूनच कसा काढायचा, अपॉइंटमेंट, विमा, हॉटेल, एकेक कागद मी असा जुळवला की आमच्या पोर्टलीशच्या ग्रुपनं तो नमुना म्हणून फिरवला. पुढच्या उन्हाळ्याआधी व्हिसा पासपोर्टवर चिकटून आला. आनंदानं मी फोन केला. "आई, तिकीट काढू ना?"

ती म्हणाली, "थंडीपासनं अंगठा धरलाय. डॉक्टर म्हणतो, सांध्याचं आहे, ह्या वयात असंच. चहाचा कप धरता येतो. चिमूट नाही धरता येत."

"अगं पण बघायला तर जाऊ. ती बाई ओळखेल तुला."

"बघायला व्हिडिओ आहे की," आई म्हणाली. "मला बसायचं होतं."

तो व्हिसा न वापरताच संपला. आता कधीकधी रविवारी मी प्रेसमधनं, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटातनं, रव्याचा डबा काढतो, पीठ भिजवतो आणि आईला फोन लावून समोर ठेवतो. मुलगी शेजारी बसून माझ्यापेक्षा बरे गव्हले करते आणि ते मला न विसरता सांगते. आई बघत असते.

"हे काय रे, गव्हला आहे का करंजी? सावकाश कर. अंगठा सरकव नुसता. आज गाडी नाही ना तुझी?"

"नाही," मी म्हणतो.

"मग कर की."