काळजातला चुना

लेसरच्या जांभळ्या उजेडात हृदयाच्या झडपेचा एक तुकडा हिरवट चमकत होता आणि मला, पाप्याला, तो चक्क देखणा वाटला!

"जिथं कॅल्शियम साचलंय, तिथली चमक वेगळी असते, मामा," माझी भाची मृणाल म्हणाली. प्रयोगशाळेत ती हेच तपासते.

"कॅल्शियम म्हणजे आपला चुनाच की!"

माझ्याही झडपेत तो धरलाय. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. मी मात्र मोठ्या ऐटीत पान सोडून मोकळा झालो. आयुष्यभर लोकांना चुना लावला, तो शेवटी माझ्याच काळजाला लागला, असं सांगून गल्लीभर हशा मिळवला. चुना बंद झाला की झडप आपोआप सैल होणार, ही माझी खात्री.

"पानाचा काही संबंध नाही हो," मृणाल म्हणाली. "आणि साचलेला असा जात नाही."

शरीर किती मुकाट्यानं काम करतं! हाडात घालायचं ते मऊ जागी भरत राहतं आणि आपण वर गप्पा छाटत बसतो. माणूस मेल्यावर थंड पडतो म्हणतात. दगड व्हायला तो बहुधा हसत-खेळत असतानाच लागतो.

"हा उजेड माझ्या छातीत पाड ना. मलाही बघू दे."

"इथं बघायची तर झडप बाहेर काढावी लागते, मामा."

"मग हा तुकडा ज्याचा, त्याची काढलीच की. आता बरा असेल ना गडी?"

मृणालनं यंत्रावरची नजर काढली नाही.

"ह्याची तो गेल्यावर काढली. ऑपरेशन राहूनच गेलं होतं."

विनोद ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"डॉक्टरांना फोन लाव," मी म्हणालो.