बारा जणींचे चोवीस गुडघे

दुसऱ्याला बरं वाटलं की ज्याच्या कपाळाला आठी पडते असा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा आत्तेभाऊ निघाला. मनाने वाईट नाही हो! तंजावरला डॉक्टरकीच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवायचा, एवढाच काय तो दोष. 'तिरुवैयारुच्या वैद्याच्या पुडीने सर्दी तीन दिवसांत गेली,' असं कुणी कौतुकाने सांगितलं की हा विचारणार, "आणि पुडी न घेता किती दिवसांत गेली असती?" सांगणारा बिचारा पुन्हा शिंकायला लागायचा. तेव्हा घरोघरी नुकताच केबल टीव्ही आला होता. त्यावर टॉनिकची जाहिरात लागली की हा सांबारभरल्या हातानेच पानावरून उठून टीव्हीशी भांडायचा, "डॉक्टरांची पसंती म्हणे! कुठले डॉक्टर? नको म्हणाले त्यांना कुठे कोंडलंय?"

या तडाख्यात एकदा आत्या, म्हणजे त्याची सख्खी आई, सापडली. तिचं गुडघ्याचं तेल गल्लीत प्रसिद्ध, आणि फुकट. "आई, बरं वाटलं त्याच परत येतात गं. नाही वाटलं त्या दुसरीकडे जातात, त्यांना कोण विचारतं?" असल्या पोराची आई कच्ची कशी असेल? "कर परीक्षा! खोटें ठरलें तर कढई मोडींत घाल," म्हणाली. बोलून गेली खरी, पण त्या दिवशी धड जेवली नाही. दुपारी चार बायका दारात यायच्या त्या तेलासाठीच; कढई गेली तर म्हातारीकडे कोण फिरकणार होतं?

आधी काय वाटलं ते आठवून सांगायचं नाही, आजपासून पुढे पाहत जायचं, असा त्याचा बेत. बारा म्हाताऱ्या गोळा केल्या, तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. सहा जणींना आत्याचं तेल, सहा जणींना साधं तिळाचं. रंग तोच, कापराचा वास तोच. बाटल्यांवर नुसते आकडे, आणि कुणाला काय मिळालं याची यादी कपाटात कुलूपबंद. महिन्याने पाहतो तर बाराही जणी सारख्याच टुणटुणीत! म्हणजे आत्याच्या तेलात काही राम नाही. आता हे आईला सांगायचं कुणी? दोन दिवस हा पठ्ठ्या मागच्या दाराने ये-जा करत होता.

तिसऱ्या दिवशी मी बारांतल्या एकीला सहज विचारलं, तेव्हा उलगडा झाला. बाराही जणी रोज देवळाच्या ओसरीवर जमून सगळं तेल एकाच वाटीत ओतायच्या आणि एकमेकींचे गुडघे चोळायच्या! "एकीला एक, दुसरीला एक? अय्यो, असा पंक्तिप्रपंच करतात कां रे?" म्हातारीनेच मला झापलं.

हे कळल्यावर तो नाचायचाच बाकी राहिला. "परीक्षा बाद! काहीसुद्धा सिद्ध झालं नाही!" ओरडत स्वयंपाकघरात गेला.

"म्हणजे तेल चांगलें कां वाईट?" आत्याने विचारलं.

"माहीत नाही."

"मग करूं कां?"

"कर, कर."

पुढे दरवर्षी तो म्हणायचा, यंदा परीक्षा नीट करू. चिठ्ठ्यासुद्धा कापून ठेवायचा. आत्या होती तोवर काही मुहूर्त लागला नाही. ती गेल्यावर एकदा मी त्याला चिडवलं, "आता कर की बाबा, रागवायला कुणी नाही."

त्याने कापून ठेवलेल्या चिठ्ठ्या काढून पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, "करीन रे. पण तेल कोण करून देणार?"