जेठातलं व्याज

ती घटना अजून मनातून गेलेली नाही. खरं सांगायचं तर गुन्ह्यापेक्षा मला त्या शिंप्याच्या दुकानातला लाकडी बाकच जास्त आठवतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आदिलाबाद जिल्ह्यात, राज्याच्या सीमेवरच्या बेल्याच्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. दिवसभर सरकारी कागद तेलुगूत आणि व्यापाऱ्यांशी बोलणं हिंदीत. संध्याकाळी त्या बाकावर टेकलो की मी माझ्या भाषेत परत यायचो. शिंप्याला सगळे मास्टर म्हणत. माझे युनिफॉर्म तोच शिवायचा. त्याच्यासारखी कॉलर पुढे कोणी बसवली नाही.

मास्टरचा आणखी एक उद्योग होता. ज्यांच्याकडे शिल्लक असे त्यांचे पैसे घ्यायचे आणि गरजवंताला द्यायचे. व्याज महिना शेकडा दोन रुपये, म्हणजे बँकेच्या दुप्पट. पण देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव तो कधी सांगत नसे.

"उद्या बाजारात दोघं समोरासमोर आले तं त्यानं मान खाली काऊन घालाव, साहेब?" असं म्हणायचा.

गावाला ही रीत पसंत होती. माझ्या बायकोनेही त्याच्याकडे पैसे ठेवले होते, आणि मी पोलीस असून साधी चिठ्ठी मागितली नाही. व्याज वेळेवर येत होतं, मग कशाला विचारतोय!

एका बाजाराच्या दिवशी दुकानाला कुलूप दिसलं. पुढच्या बाजारीही तसंच. त्या दुपारी शाळेतल्या एक बाई मास्टरकडे ठेवलेल्या पैशांची फिर्याद द्यायला आल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत.

"आदिलाबादजवळ मावल्याले प्लॉटचा इसार देला हाय, साहेब. दिवाळीपर्यंत बाकीचे नाई देले तं इसारही जाते. माह्या मायनं जनमभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं. तिले सोताच्या अंगणात बसवाचं हाय."

मी रोजनामच्यात नोंद केली. दिवाळीला तीन महिने होते.

आठ दिवसांनी एका बस कंडक्टरने खबर दिली, की मास्टर उटनूरच्या बाजारात भाड्याच्या मशीनवर पायजमे शिवतो आहे. आम्ही जीप घेऊन गेलो. मला पाहून तो पळाला नाही. हातातली शिलाई पूर्ण केली, दोरा कात्रीने कापला आणि उठून उभा राहिला.

ठाण्यात तीन दिवस मी एकच प्रश्न विचारला, पैसे कोणाला दिले?

"ते नाई सांगणार, साहेब. जबान देली हाय."

हवालदार म्हणाला, जरा दम देऊ का? मी नको म्हटलं. हात उगारायची माझी पद्धत नव्हती, आणि मनातून मी खूशही होतो. नावं लपवतोय म्हणजे घेणारे खरोखर असतील; तसं असेल तर आज ना उद्या वसुली होईल, बाईंचा प्लॉट वाचेल आणि माझा मित्र चोर ठरणार नाही. तपास करणाऱ्या माणसाने अशी आशा धरू नये. मी धरली.

चौथ्या दिवशी बाईंचा पुरवणी जबाब घेतला. घेणारे कोण असतील, काही अंदाज?

"कापूसवाले कास्तकारच, साहेब. मास्टर तसंच म्हणत."

"आणि व्याज केव्हा यायचं?"

"दर महिन्याच्या दुसऱ्या बाजारी. एकदाई खाडा नाई."

लिहिता लिहिता माझा हात थांबला. मी स्वतः कापूस पिकवणाऱ्या घरातला. कापूस घरात येतो तो दिवाळीच्या पुढेमागे. जेठात, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, तर आमच्याकडे बियाण्यासाठीच पैशांची ओढाताण असायची. अशा महिन्यात दमडीचाही उशीर न करता व्याज देणारा शेतकरी मी पाहिलेला नव्हता. आणि आमच्या घरी जेठातलं व्याज आलं होतं. त्यातून बायकोने साडी घेतली होती.

मी कोठडीपाशी गेलो. "मास्टर, जेठात व्याज कोण देत होतं?"

त्याने बाहीला चिकटलेला एक दोरा काढला, बोटाला गुंडाळला.

"तुमच्या घरी आलं ते शाळेच्या बाईच्या पैशातलं होतं, साहेब."

मग सगळं बाहेर आलं. सुरुवातीला दोघांनी खरोखर पैसे घेतले होते. एक गाव सोडून गेला, दुसरा टाळाटाळ करू लागला. नाव झाकायची जबान दिलेली, त्यामुळे चारचौघांत मागता येईना. देणाऱ्यांना 'पैसे बुडाले' म्हणायला जीभ रेटेना. म्हणून एकाचे घेऊन दुसऱ्याला व्याज, असं तीन वर्षं चाललं.

फिर्यादींच्या यादीत बायकोचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. वरिष्ठांनी पुढचा तपास दुसऱ्याकडे दिला, आणि ते योग्यच होतं. मास्टरला शिक्षा झाली. बाईंचा इसार गेला. पुढे त्यांनी घर बांधलं, पण त्या अंगणात बसायला आई राहिली नव्हती.

या प्रकरणाने मला शिकवलं ते साधं आहे. आपला पैसा ज्याच्या हातात आहे, त्याचं तोंड आपण पाहिलेलं असावं. खरा माणूस कधी तरी उशीर करतोच. कधीच उशीर न होणाऱ्या व्याजाची भीती बाळगावी. आणि वाईट बातमी पहिल्याच दिवशी सांगावी.

सुटून आल्यावर मास्टर पुन्हा भाड्याच्या मशीनवर बसला. दर बाजारी एकेकाच्या दारात स्वतः जाऊन थोडे थोडे पैसे द्यायचा. आता घेणारा तोच होता, आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं. माझी बदली तोवर आदिलाबादला झाली होती. तिथेही तो यायचा, पण मी ड्युटीवर असताना.

"त्याइले बसवत जा, चहा देत जा," मी बायकोला म्हणायचो.

"बसतच नाईत," ती म्हणायची.

एकदा मी मुद्दाम लवकर घरी आलो आणि वाट पाहत बसलो. त्याला वळणावरूनच दारातली जीप दिसली. तो तिथूनच माघारी गेला. मी हाक मारायला उठलो, पण काय म्हणून मारणार होतो?

शेवटचा हप्ता मिळाला त्या दिवशी बायकोने समाधानाने पैसे देवापुढे ठेवले. मला मात्र दिवसभर चैन पडलं नाही. आता त्याला आमच्या दाराशी यायचं काहीच कारण उरलं नव्हतं.