नारळाला लागणारा गोंद

"सगळ्याला चालेल असा एकच गोंद लावा," असं म्हणणाऱ्या बाईचं काम मी घेत नाही. असा गोंद नसतो. सुती ब्लाऊजवर खडे लावायचे तर कापडाचा गोंद, तोही एका खड्याला मोहरीएवढा. जॉर्जेटला त्याच्याही निम्मा, नाहीतर मागच्या बाजूनं डाग फुटतो. मखमलीची लव आधी काडीनं बाजूला सारायची, नाहीतर खडा लवेवर बसतो आणि तीन दिवसांत लवेसकट हातात येतो. चपलेचा पट्टा वाकतो, म्हणून त्याला लवचीक गोंद. आणि तो झटपट चिकटणारा, ज्याच्यावर सगळ्यांचा भारी जीव, तो खड्याभोवती पांढुरकी साय धरतो. मग कितीही पुसा, चमक गेली ती गेली.

धुळ्यात एका खोलीत राहून बावीस वर्षं मी हेच करतेय. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा दादा म्हणाला होता, गावी राहा. वहिनी काहीच म्हणाली नव्हती, म्हणून मी इथं खोली घेतली. संध्याकाळी खड्यांच्या डब्या बंद केल्या की बोलायला कोणी नसतं. टीव्ही लावते, बघत नाही. एकटं वाटतं. वाटतं तर वाटतं, त्यात झाकायचं काय?

श्रावणात मात्र दादाचा फोन हमखास येतो. दोंडाईचाहून थोडं आत आमचं गाव. घरी कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळच, त्याला डोळे, नथ, कुंकू आणि कपाळावर खड्यांची ओळ. हे सजवणं माझ्याकडे. रविवारी तिला बसवतात, सोमवारी नदीवर नेऊन बुडवतात आणि परत आणतात. आमच्यात नारळ पाण्यात सोडत नाहीत, तोच पुढच्या वर्षी पुन्हा बसतो.

पहिल्या वर्षी मी चुकले. सुताराचा पांढरा गोंद वापरला. वाळल्यावर तो घट्ट वाटतो, पण पाण्यात त्याचं पुन्हा दूध होतं. नारळ नदीत बुडवला आणि वर आला तो एकाच डोळ्याचा. सगळे भाऊबंद माझ्याकडे बघायला लागले. वहिनी हळूच म्हणाली, "सोडी येल बाईना हात लागना." नवरा सोडून आलेल्या बाईचा हात लागला, म्हणून असं झालं म्हणे. अहो, हाताचा काय दोष, गोंद चुकला होता. पण ते कोणाला सांगणार?

तेव्हापासून दरवर्षी जुने काळवंडलेले खडे खरवडून काढते, नारळाची कवटी पॉलिश पेपरनं घासते, कोरड्या फडक्यानं पुसते. मग दोन नळ्यांचा गोंद समसमान कालवून लावते आणि चोवीस तास कोणाला हात लावू देत नाही. पुन्हा एकही खडा निघालेला नाही.

एवढा जीव ओतते तो रोटासाठी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे रोट करतात, जाड पोळ्याच त्या. ते फक्त घराण्यातल्यांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीला ते चालत नाहीत, ती सासरच्या रोटाची. माझं तर सासरच सुटलं. दरवर्षी वाटतं, यंदा दादा म्हणेल, घे गं, तू आमचीच. मागायचं नाही, हे मी ठरवलंय. तो म्हणत नाही. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी तेवढी आग्रहानं वाढायला लावतो.

यंदा भाच्याची बायको नवीन होती, जळगावची. शनिवारी माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, गोंद मी कालवू?" म्हणाली आणि असा काही घोटला की बुडबुडेच बुडबुडे. "भरीत नाही करायचंय बाई," म्हटलं. खूप हसली. मग ती चिमट्यानं एकेक खडा देत गेली, मी बसवत गेले. दुपारभर ती बोलत होती. मला इतकं बरं वाटलं की काम मुद्दाम लांबवलं.

सोमवारी नदीवरून परत आलो. एकही खडा हलला नव्हता. "जेवाले चला अक्का, बठ्ठं तयार शे," सगळं मांडून वहिनीनं हाक मारली. वाढायला नवी सून होती. तिनं सगळ्यांना रोट वाढला आणि एक तुकडा माझ्याही ताटात ठेवला.

पंगत थांबली. मी दादाकडे बघितलं. अगदी लाज सोडून बघितलं. तो भाजीत बोट फिरवत राहिला.

"अगं, त्यांना चालत नाही," वहिनी म्हणाली. रागानं नाही, समजावून सांगितल्यासारखं.

"मग आत्यांचा रोट कुठं असतो?" पोरीनं साधंच विचारलं.

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी आणखी थोडी थांबले. दादाचं बोट भाजीतच होतं.

"माझा कुठंच नसतो गं," मी म्हणाले आणि तो तुकडा उचलून दादाच्या ताटात ठेवला. रोट वाया घालवायचा नसतो. त्यानं तो खाल्ला.