पाटीवर न लिहिलेला भाग

दुकानात गेमिंगचे दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी मांडले होते. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, मेमरीही तेवढीच, आणि किमतीत मात्र बराच फरक. त्यांच्यासमोर एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी केव्हाची उभी होती.

"सगळं सारखंच, मग हा महाग का?" गृहस्थांनी विचारलं.

"नुसत्या दिव्यांचे आणि काचेचे पैसे, सर," विक्रेता म्हणाला.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, हत्यारांची पिशवी घेऊन शेजारीच उभा होतो. स्वस्त मशिनमधला पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, अगदी हलक्या प्रतीचा आहे, हे मला मागच्या जाळीतून एका नजरेत कळलं. तो जळतो तेव्हा एकटा जळत नाही, महागडं कार्डही सोबत नेतो. मशिनपुढे लावलेल्या माहितीच्या पाटीवर त्याचा उल्लेख नसतो, म्हणून काटकसर नेमकी तिथे करतात. माणसं घडवतानाही असंच होत असावं. कुठे हात आखडला गेलाय, ते चेहऱ्यावरून कळत नाही.

मुलगी माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही दुरुस्ती करता ना? तुम्हाला काय वाटतं?"

या दुकानातून गेलेली मशिनं बिघडली, की माझ्याकडेच येतात.

"दोन्ही सारखेच," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. वडिलांनी माझे आभार मानले. "तुमचा नंबर द्या, काही झालं तर तुमच्याकडेच आणू."

मी तो मोठ्या, स्वच्छ आकड्यांत लिहून दिला.