पोटाच्या गोळ्यांचं दुकान

गावाला कोणती औषधं लागतात याची पाहणी मी चुकीच्या दिवशी केली. फार्मसी शिकून मी वांकिडीजवळच्या आमच्या गावात पहिलं मेडिकल टाकणार होतो. तोवर साध्या मलमासाठीही लोक बसने आसिफाबादला जात. माल भरण्याआधी लोकांना विचारावं, एवढी अक्कल मला होती. घरोघर फिरलो, तर जो तो पोट धरून बसलेला. माझंही पोट ठीक नव्हतं, त्यामुळे खात्रीच पटली. होतं नव्हतं ते भांडवल मी पोटाच्या गोळ्यांत आणि पाचक चूर्णांत घातलं.

मग कापसाची वेचणी सुरू झाली. बायका चिरलेल्या बोटांना मलम मागत, गडी कंबरेला बाम मागत, आणि मी सगळ्यांपुढे चूर्णाची बाटली धरी. दुकान आता बुडणार, हे मलाही दिसत होतं.

एक दिवस शेजारची मावशी बोटं चिरून घेऊन आली. तिने फळ्यांवरून नजर फिरवली.

"काऊन रे, सारं पोटाचंच भरलं?"

"मावशी, मी घरोघर विचारलं होतं. तुमीच म्हणाल्या, पोट दुखून राह्यलं म्हणून."

"अरे, आदल्या दिवशी पाटलाच्या घरी लगन होतं! साऱ्या गावानं बुंदी हाणली होती. तू बी तं पंगतीत होता!"

होतो खरा, आणि दोनदा बसलो होतो.

"मग आता एवढ्या मालाचं काय करू?"

मावशी पायरी उतरता उतरता म्हणाली, "आनखी एक लगन लाव गावात. तुयंच लाव म्हटलं असतं, पन तुले पोरगी कोन देईन?"