लिंबूच्या पाण्यातलं मीठ

दुधरामभाऊंच्या हातून पाण्यात चूक झाली, असं त्या गावात कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी तो उन्हातून आला असेल म्हणून त्याला आधी सावलीत बसवलं असतं. बोदलकशाच्या जलाशयाच्या अलीकडचं हे गाव. तिथला तलाव दुधरामभाऊंच्या पणज्याच्या पणज्यानं बांधलेला. घराण्याचं कामच ते. स्वतः दुधरामभाऊ एकतीस वर्षं गावचे पाणकर होते. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि ज्याच्या त्याच्या धानाच्या बांधीत वाट्याचं पाणी सोडायचं, हे पाणकराचं काम. त्यांनी वाटलेल्या पाण्यावरून कधी डोकं फुटलं नाही. भावकीच्या गावात याहून मोठं प्रमाणपत्र नसतं.

पुढे गुडघे बोलू लागले आणि तुडूम भावकीतल्या शालीकरामकडे गेलं. तेव्हापासून दुधरामभाऊ ओसरीवर बसून उरलेल्या पाण्याची देखरेख करत. नाली कुठे तुंबली, नळाला धार कशी आहे, इतकंच काय, बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, चहात पाणी किती घातलं, यावरही त्यांचं मत असे.

"एखादा तलाव खोदा गा आंगनात," प्रेमिलाबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मंग माया चाहा सुटंल."

तलाव आला, पण काचेचा. त्यांची मुलगी पुष्पांजली नागपूरला नर्स. तिला आठ महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी दिल्लीला जायचं होतं आणि तिथल्या होस्टेलात माणसांनाच जागा पुरत नव्हती, तिथे मासा कुठून ठेवणार? म्हणून फाल्गुनात ती गाडी करून आली आणि चार हात लांब काचेची पेटी, एक पंप, मिठाची एक मोठी थैली आणि लिंबूला ओसरीवर उतरवून गेली.

लिंबू म्हणजे तो मासा. एवढ्या मोठ्या पेटीत एकटाच. पाठ पिवळसर हिरवी, तिच्यावर काळे ठिपके, पोट पांढरंशुभ्र. राग आला की टम्म फुगायचा. डोळे असे की समोरच्याचं सगळं खरंखोटं त्याला कळून चुकलंय.

"बाबूजी, नदी समुद्राला मिळते ना, तिथला मासा हा," पुष्पांजलीनं बजावलं. "निव्वळ गोडं पाणी चालत नाही याला. दर रविवारी दोन बादल्या पाणी बदलायचं आणि दर बादलीत एक वाटी भरून हे समुद्री मीठ. विसरायचं नाही."

"पान्याचं मले सांगतं का बेटा?" दुधरामभाऊ हसले. "दिवाळीले ये आन आपला मासा जिता घेऊन जाय. माया शब्द हाय."

शब्द देऊन झाला आणि पंचाईत पहिल्याच रविवारी उभी राहिली. वाटीभर मीठ हातात, समोर तलावाचं नितळ पाणी, आणि हात काही पुढे जाईना. सात पिढ्या ज्यांनी गोडं पाणी अडवण्यात घालवल्या, त्या घरच्या माणसानं पाण्यात मीठ ओतायचं? धानाच्या मुळाशी मीठ टाकणाऱ्याला गावात पाप्यांत गणतात. दुधरामभाऊंनी डोळे मिटले, अर्धी वाटी ओतली आणि उरलेलं मीठ थैलीत परत टाकलं.

मग त्यांनी विचार केला. कुठलीही पोर लग्न होऊन परगावाहून येते. पहिले काही दिवस तिला इथलं पाणी मानवत नाही, पुढे मानवतं. माशालाही हळूहळू सवय लावली तर? पुढल्या रविवारी पाव वाटी. मग चमचा. वैशाखापर्यंत वाटीची चिमूट झाली, आणि लिंबू ठणठणीत! बोदलकशावर जाळं टाकणारा बकाराम त्याच्यासाठी बांधीतल्या गोगलगाई आणून देई, कारण या माशाचे दात उंदरासारखे वाढत राहतात आणि ते झिजायला टणक काहीतरी लागतं. लिंबू शंख असा फोडायचा की कट्ट आवाज ओसरीभर ऐकू येई.

"खाता येत नाई, विकता येत नाई," बकाराम म्हणे. "मंग याले मासा कायले म्हनाचा?"

"पावना म्हन. आन पाहून घे, समुद्राचा मासा मी गोड्या पान्यावर आनला! पोरगी येऊ दे, तोंडात बोटच घालंल."

थैलीतलं मीठ मात्र चिमटीच्या मानानं भराभर कमी होत होतं. एकदा ते दुधरामभाऊंच्या ध्यानात आलं. दमट हवेनं पाझरत असेल, असा त्यांनी निकाल दिला आणि विषय मिटवला.

रोवणीच्या दिवसांत दवनीवाड्याहून निरोप आला. प्रेमिलाबाईंची भावजय पाय मुरगळून पडली होती आणि घरी धान रोवणाऱ्या बायांचा स्वयंपाक कोण करणार? प्रेमिलाबाई गेल्या. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारनंतर लिंबूचं पांढरं पोट राखेसारखं काळवंडलं. शेपूट अंगाशी मुडपून तो कोपऱ्यात तळाला बसून राहू लागला. बकारामनं आणलेली गोगलगाय त्याच्या नाकासमोरून फिरून गेली, तरी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

दुधरामभाऊंचं जेवणावरचं मन उडालं. पोरीला शब्द दिला होता. तोही पाण्याचा. पंप पाहिला, काच पुसली, पाण्याला हात लावून पाहिला. सगळं ठीक होतं. मग त्यांना कारण सापडलं आणि त्यांनी दवनीवाड्याला फोन लावला.

"प्रेमिला, तू ये व. लिंबू तुयी याद करून राहिला. खाऊन नाई राहिला."

"मासा का तुमी?"

"मासाच व! पोट कारं पडलं त्याचं. कोपऱ्यात बसून राहते."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "मीठ किती टाकून राहिले तुमी?"

दुधरामभाऊ पेटीची काच पुन्हा पुसू लागले.

"मी इचारून राहिलो, मीठ किती?"

"चिमूट."

"बाप्पा! आन तीन आठवडे पेटीत तेवढंच?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तुमी कमी टाकता हे मले पयल्याच रविवारी दिसलं. म्हून तुमी सोमवारी चौकात गेले का मी उरलेलं मीठ बादलीत कालवून पेटीत टाकत होतो. पाच महिने! तो तुमच्या गोड्या पान्यावर नाई जगला, माया मिठावर जगला."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर तुमी आयकलं असतं का? पान्यातलं तुमाले कोन सांगाचं?"

दुधरामभाऊंनी फोन खाटेवर ठेवला आणि थेट थैली उचलून पेटीकडे निघाले. फोनमधून आवाज आला, "आन एकदम नका ओतू! कोरड्या बांधीत तुमी एका घटकेत तलाव सोडता का?"

ते जागीच थांबले. एवढं साधं त्यांना कळायला हवं होतं. रोपाच्या बांधीत पाणी सोडताना ते बोटभर फट ठेवत, आणि माशाच्या बाबतीत आता थैलीच उपडी करणार होते!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं प्रेमिलाबाई आल्या. येताना गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईकडून सलाईनची नवी नळी मागून आणली. खुंटीला मिठाच्या पाण्याची बादली टांगली, नळीचं एक टोक बादलीत, एक पेटीत, आणि मधल्या चाकावर दुधरामभाऊंचं बोट. थेंब, थेंब. जेवढं पडणार तेवढं पाणी पेटीतून आधीच काढून ठेवलेलं. चार दिवस, सकाळ ते संध्याकाळ, गावचे जुने पाणकर स्टुलावर बसून थेंब मोजत होते. वाटेनं जाणारा शालीकराम डोकावला.

"काय गा दुधरामभाऊ, तुडूम छोटं झालं?"

"छोटं झालं, पन बरोबर झालं," ते म्हणाले, आणि मग कोणी विचारलं नसताना सगळी हकीकत त्याला सांगितली. संध्याकाळी बकारामलाही सांगितली. "गोड्या पान्यावर नोता रे तो. माया घरचीनं जगवला." ती हकीकत चौकात पोचायला घटकाही लागली नाही. जन्मभर बांध राखणाऱ्या दुधरामभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी फुटू दिलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी पोट पांढरं दिसू लागलं. दुपारी प्रेमिलाबाईंनी एक बारीकशी गोगलगाय सोडली. लिंबू तळावरून उठला. डोळे फिरवले. एकदा पुढे, एकदा मागे. आणि कट्ट!

दुधरामभाऊ उठले. आत जाऊन त्यांनी स्वतः चहा ठेवला आणि प्रेमिलाबाईंच्या पुढ्यात आणून दिला. तो पाणचट झाला होता. प्रेमिलाबाईंनी सगळा प्यायला.

मग पुष्पांजलीला फोन झाला. दुधरामभाऊंनी चूक सांगितली, कमी न करता सांगितली. पोरगी आधी रागावली, मग आईनं केलेलं ऐकून इतकी हसली की दिल्लीच्या होस्टेलात कोणीतरी तिला गप्प बस म्हणालं.

भावजयीचा पाय अजून बरा नव्हता, म्हणून प्रेमिलाबाई शनिवारी परत दवनीवाड्याला गेल्या. रविवारी दुधरामभाऊंनी दोन बादल्या भरल्या आणि फोन लावला.

"काय झालं जी?" पलीकडून काळजीचा आवाज आला.

"काई नाई झालं. आयक."

त्यांनी एका हातानं फोन बादलीजवळ धरला आणि दुसऱ्या हातानं वाटीभर मीठ सावकाश सोडलं. सर्रर्र.

"पुरी वाटी?"

"पुरी. आता दुसऱ्या बादलीचं आयक."